क्रूझ जहाजांवरील बक्षिसी

क्रूझ जहाजांवरील बक्षिसी म्हणजे समुद्रपर्यटनाच्या काळात खोल्यांची व्यवस्था, भोजनसेवा व इतर अतिथिसेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रवाशांकडून तिकिटाच्या रकमेव्यतिरिक्त मिळणारी रक्कम होय. तिच्यासाठी 'टिप' आणि 'ग्रॅच्युइटी' हे दोन्ही इंग्रजी शब्द वापरले जातात. भारतात 'ग्रॅच्युइटी' हा शब्द नोकरीतून निवृत्त होताना मिळणाऱ्या उपदानासाठी रूढ असल्यामुळे जहाजाच्या बिलावर तो पाहून मराठी प्रवाशाचा गोंधळ होऊ शकतो. आजच्या बहुतेक मोठ्या जहाजांवर ही रक्कम केवळ प्रवाशाच्या खुशीवर सोडलेली नसते. ती दर माणशी, दर दिवशी ठराविक शुल्क म्हणून प्रवाशाच्या जहाजावरील खात्यात आपोआप मांडली जाते. नाव बक्षिसीचे असले तरी तिचे कार्य वेतनाचे आहे. जमिनीवरील उपाहारगृहातील रीत आणि जहाजावरील रीत यांत जो फरक आढळतो, त्याचे मूळ येथे आहे.

शब्दविचार

मराठीत या प्रकारच्या देण्यासाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा वेगवेगळ्या आहेत. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला. थोराने प्रसन्न होऊन धाकट्यास दिलेले ते बक्षीस, असा भाव त्यात आहे. दिवाळीला टपालवाहक, सफाई कामगार, पहारेकरी यांना दिले जाते ते 'पोस्त'. ते वर्षभराच्या सेवेचे असते आणि न दिल्यास मागण्याचा हक्कही जणू गृहीत असतो. 'चिरीमिरी' या शब्दाला मात्र लाचेचा वास आहे. क्रूझवरील बक्षिसी यांपैकी पोस्ताला सर्वांत जवळची म्हणता येईल, कारण ती दिल्याने कोणी उदार ठरत नाही, पण टाळल्याने मात्र घेणाऱ्याचे नुकसान होते.

इतर भाषांतील शब्दही बोलके आहेत. फ्रेंचमधील 'पूरब्वार' आणि जर्मनमधील 'ट्रिंकगेल्ट' या दोहोंचा अर्थ 'पिण्यासाठीचे पैसे' असा होतो. पोर्तुगीजमधील 'गोर्जेता' हा शब्द घसा या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. 'टिप' हा शब्द एका इंग्रजी वाक्यांशाच्या आद्याक्षरांपासून बनला ही गोष्ट लोकप्रिय असली तरी ती मागाहून रचलेली व्युत्पत्ती आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी आगबोटींवर सेवकवर्गाचा पगार अल्प असे आणि त्याची भिस्त प्रवाशांच्या बक्षिसीवर असे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रथेविरुद्ध मोठी चळवळ झाली. लोकशाही देशात एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा, हे चळवळीतील लोकांना अपमानास्पद वाटे. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये बक्षिसीवर बंदी घालणारा कायदा केला. आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले, परंतु १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले. त्यानंतर प्रथा उलट दृढ झाली. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बक्षिसी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर रोख वेतन देणे पुरेसे आहे, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. आधुनिक क्रूझ व्यवसायाची वाढ प्रामुख्याने अमेरिकन प्रवाशांच्या आधारे झाली, त्यामुळे ही रीत जहाजांवरही आली.

दीर्घकाळ ती पाकिटांच्या स्वरूपात होती. सफरीच्या शेवटच्या रात्री प्रवाशाच्या खोलीत कोरी पाकिटे आणि कोणाला किती द्यावे याची सूचना ठेवली जाई. रोज त्याच टेबलावर वाढणारा वेटर, त्याचा मदतनीस, मुख्य वेटर आणि खोलीची निगा राखणारा कर्मचारी यांना प्रवासी आपल्या हाताने पाकिटे देत. देणारा आणि घेणारा समोरासमोर येत, ही या रीतीची जमेची बाजू होती. शेवटच्या रात्री मुद्दाम भोजनगृहात न फिरकणारे प्रवासीही असत, ही तिची दुसरी बाजू.

पाकिटांची पद्धत मोडली ती जेवणाच्या बदललेल्या व्यवस्थेमुळे. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० च्या सुमारास ठराविक वेळ आणि ठराविक टेबल यांचे बंधन काढून टाकले. प्रवासी रोज वेगळ्या भोजनगृहात जाऊ लागला, तेव्हा 'आपला वेटर' ही कल्पनाच उरली नाही. पाकीट कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न दैनंदिन शुल्काने सोडवला आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

वेतनाची रचना

बहुतेक क्रूझ कंपन्यांची कार्यालये अमेरिकेत असली तरी त्यांच्या जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत असते. जहाज ज्या देशाचा ध्वज लावते, त्या देशाचा कायदा त्यावर प्रामुख्याने लागू होतो. अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा परदेशी ध्वजाच्या जहाजावरील खलाशांना लागू नाही. याला अपवाद म्हणून हवाई बेटांमध्ये फिरणाऱ्या 'प्राइड ऑफ अमेरिका' या जहाजाचा उल्लेख करता येईल. त्याची नोंदणी अमेरिकेत असल्यामुळे त्यावर अमेरिकन कामगार कायदे चालतात.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सागरी श्रम करार महत्त्वाचा आहे. तो २००६ मध्ये संमत झाला, २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. या करारात 'खलाशी' या संज्ञेचा अर्थ व्यापक असून वेटर, आचारी, खोल्या आवरणारे हे सर्व त्यात येतात. कामाच्या तासांची मर्यादा २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२, किंवा पर्यायाने विश्रांतीचे किमान प्रमाण २४ तासांत १० आणि सात दिवसांत ७७ तास, अशी आहे. ७२ तास हा आकडा जमिनीवरील आठवड्याच्या ४८ तासांशी ताडून पाहण्यासारखा आहे. सेवकवर्गाचे करार सामान्यतः सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची पूर्ण सुट्टी अशी बहुधा नसते. खोलीसेवकाकडे पंधरा-वीस किंवा त्याहून अधिक खोल्या सोपवलेल्या असतात, आणि त्या प्रत्येक खोलीत तो दिवसातून एकदा, कित्येक जहाजांवर दोनदा जातो.

या कर्मचाऱ्यांच्या करारात मूळ वेतन लहान आणि बक्षिसी-निधीतून मिळणारा वाटा मोठा, अशी रचना सर्रास आढळते. काही करारांत मासिक उत्पन्नाची किमान हमी असते, पण ती रक्कमही अंशतः या निधीतूनच भरली जाते. कामगाराच्या पगाराचा एक भाग कंपनीच्या खर्चातून उचलून प्रवाशाच्या खात्यावर ठेवला आहे, असे या व्यवस्थेचे वर्णन केले तर ते अन्यायाचे होणार नाही. तिकिटाचा जाहीर दर त्यामुळे कमी दिसतो.

सध्याची पद्धत

दैनंदिन शुल्काचे दर कंपनीगणिक आणि खोलीच्या प्रकारानुसार बदलतात व अधूनमधून वाढतात. उदाहरणार्थ, २०२३ मध्ये साध्या खोलीतील प्रवाशासाठी कार्निव्हल कंपनीने दररोज १६ डॉलर आणि नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २० डॉलर असा दर लागू केला. सूट प्रकारच्या मोठ्या खोल्यांसाठी तो अधिक असतो. २० डॉलरच्या दराने चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींसाठी ५६० डॉलर मोजावे लागतात. लहान मुलांनाही बहुधा पूर्ण दर लागतो, केवळ तान्ह्या बाळांना सूट मिळते. ही रक्कम तिकिटासोबत आगाऊ भरता येते. आगाऊ न भरल्यास ती रोजच्या रोज खात्यात चढत जाते आणि शेवटच्या दिवशी कार्डावर पडते.

याशिवाय पेये, विशेष भोजनगृहे, मालिश व सौंदर्यसेवा यांच्या प्रत्येक बिलात १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे मिळवलेले असते. तरीही पावतीवर 'अतिरिक्त टिप' अशी एक रिकामी ओळ सहीजवळ छापलेली असते. ती भरणे बंधनकारक नाही. नवख्या प्रवाशांकडून एकाच सेवेसाठी दोनदा पैसे जातात ते बहुधा याच ओळीमुळे.

जमा झालेला निधी खोलीसेवक आणि वेटर यांच्याबरोबरच प्रवाशाला कधीही न दिसणाऱ्या धुलाईखान्यातील व स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांतही वाटला जातो. पाकिटांच्या काळात या मंडळींना थेट काहीच मिळत नसे. शुल्काला काही कंपन्या 'बक्षिसी' न म्हणता 'सेवाशुल्क' म्हणतात आणि त्यातील काही भाग कर्मचारी-कल्याणाच्या कार्यक्रमांसाठी वापरतात. म्हणून शुल्काचे नेमके नाव आणि त्याखालचा बारीक मजकूर वाचणे उपयुक्त ठरते.

शिष्टाचार

दैनंदिन शुल्क भरलेल्या प्रवाशाने आणखी काही द्यावे अशी अपेक्षा नसते. ज्याने विशेष काळजी घेतली, त्याला वर काही देण्याची रीत मात्र आहे आणि ती रक्कम त्याच्याकडेच राहते. ती रोख द्यावी, शक्यतो पाकिटात घालून आणि नाव घेऊन. नोटाच द्याव्यात. परक्या देशाची नाणी बदलून मिळत नाहीत आणि महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या माणसाला त्यांचा काही उपयोग नसतो. भारतातून निघताना एक आणि पाच डॉलरच्या काही नोटा घेतलेल्या बऱ्या, कारण शंभराची नोट मोडून घेण्यात शेवटच्या रात्री स्वागतकक्षासमोर रांगेत तिष्ठावे लागते.

खोलीत जेवण मागवल्यास आणून देणाऱ्याला दोन ते पाच डॉलर देतात. अमेरिकेतील बंदरांवर सामान उचलणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात. त्यांना प्रत्येक बॅगेमागे एक-दोन डॉलर वेगळे द्यावे लागतात. बंदरावरील सहलींचे मार्गदर्शक आणि वाहनचालक यांचेही तसेच, पण तेथे त्या त्या देशाची रीत पाळावी. जपानमध्ये बक्षिसीची प्रथा नाही आणि पुढे केलेले पैसे नम्रपणे परत केले जाण्याचीच शक्यता अधिक. कप्तान, अधिकारी आणि जहाजाचे डॉक्टर यांना बक्षिसी देत नाहीत.

बक्षिसीला पर्याय नसला तरी तिच्या जोडीला एक गोष्ट करण्यासारखी असते. सफरीच्या शेवटी येणाऱ्या अभिप्रायपत्रात कर्मचाऱ्याचे नाव लिहिल्यास त्याच्या बढतीला आणि पुढील कराराला हातभार लागू शकतो. 'सेवा उत्तम' या दोन शब्दांपेक्षा नाव महत्त्वाचे. मिठाईचा पुडा प्रेमाने दिला जातो व प्रेमाने घेतलाही जातो, पण तो पैशांची जागा घेत नाही.

शुल्क काढून टाकण्याचा प्रश्न

बऱ्याच जहाजांवर प्रवाशाला स्वागतकक्षात जाऊन दैनंदिन शुल्क कमी करून घेण्याची किंवा पूर्ण काढून टाकण्याची मुभा असते. काही कंपन्या त्यासाठी लेखी अर्ज मागतात. सेवेत खरोखर उणीव राहिली असेल तर तक्रार सफर चालू असतानाच करावी, म्हणजे ती दूर होण्याला वाव राहतो. अखेरच्या दिवशी सर्वांचेच शुल्क काढून टाकल्यास एका वेटरच्या चुकीची शिक्षा धुलाईखान्यातील माणसालाही होते.

'मी शुल्क काढून टाकतो आणि ज्याचे त्याला रोख देतो' हा युक्तिवाद वरकरणी न्याय्य वाटतो. प्रत्यक्षात पडद्यामागचे कर्मचारी त्यातून सुटतात. शिवाय शुल्क काढून टाकलेल्या प्रवाशाने दिलेली रोख रक्कम कर्मचाऱ्याने निधीत जमा करावी, असा नियम काही कंपन्यांत आहे. तेव्हा ज्याला द्यायचे, त्याच्याच खिशातून ती परत जाऊ शकते. व्यवस्था चुकीची आहे असे ज्यांना वाटते त्यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र शुल्क नाकारल्याने कंपनीपेक्षा कामगाराचेच उत्पन्न आधी कमी होते. अशा प्रवाशांनी मुळात बक्षिसी तिकिटातच धरणारी कंपनी निवडणे हा अधिक सरळ मार्ग आहे.

तिकिटातच समाविष्ट असलेली बक्षिसी

अशा कंपन्या आहेत. सिल्व्हरसी, सीबोर्न आणि रीजंट सेव्हन सीज या महागड्या जहाजांवर ती दरात धरलेली असते. महागड्या नसलेल्या जहाजांवरही हे शक्य आहे, याचे उदाहरण ब्रिटनमधील पी अँड ओ क्रूझेस ही कंपनी होय. तिने २०१९ मध्ये दैनंदिन शुल्क बंद केले. ब्रिटनमध्ये बक्षिसीची पूर्ण रक्कम कामगारांनाच मिळावी यासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

भारतीय संदर्भ

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य ठरवली. त्यामुळे आपोआप लागणारे शुल्क म्हणजे फसवणूक, अशी भारतीय प्रवाशाची धारणा असणे स्वाभाविक आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजावर मात्र तिकीट काढताना मान्य केलेल्या अटी लागू होतात. सिंगापूर किंवा युरोपातून निघणाऱ्या सफरी महाराष्ट्रातील अनेक जण सहल कंपन्यांमार्फत करतात. अशा वेळी सहलीच्या दरात बक्षिसी धरली आहे की जहाजावर भरायची आहे, हे लेखी विचारून घ्यावे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसने सुरू केल्या आहेत. तेथेही आरक्षणाच्या वेळी हीच चौकशी करणे इष्ट.

बक्षिसी घेणाऱ्यांच्या बाजूलाही या किनारपट्टीची माणसे मोठ्या संख्येने आहेत. गोव्यातील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, ब्रिटिश आगबोट कंपन्यांत आचारी व सेवक म्हणून पिढ्यान्पिढ्या काम करत आले. बोट लागेपर्यंत मुंबईत धोबीतलाव परिसरातील 'कूड' नावाच्या गावकीच्या निवासांत ते उतरत. आज गोवा आणि महाराष्ट्रातील हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेले तरुणही क्रूझ जहाजांवर जातात. त्यांची भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाचा परवाना असणे आवश्यक आहे, आणि नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास सागरी श्रम कराराने मनाई केली आहे. करारावर सही करण्यापूर्वी त्यातील मूळ वेतन किती, हमीची रक्कम किती आणि बक्षिसी-निधीतील वाटा कोणत्या हिशेबाने मिळणार, हे तीन आकडे वेगवेगळे विचारून घेणे उमेदवाराच्या हिताचे असते.