दमेकऱ्याचे शांत दिवस



कामगार चळवळीतल्या माणसाने दम्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु कारखान्याच्या फाटकावर वर्षानुवर्षे उभे राहिल्यावर माणसांचा श्वासही ओळखीचा होतो.

आमच्या ओळखीचा एक रंगारी मोटारींवर फवाऱ्याने रंग मारण्याचे काम करी. डब्याच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेला, त्याचा पंप असे. धन्याला कळले तर काम जाईल, ही धास्ती. धाप लागली की आडोशाला जाऊन दोनदा पंप ओढायचा, उतार पडला की पुन्हा फडक्यात. पूर्वी महिना पुरणारा पंप पुढे पंधरवड्यात संपू लागला. तरी तो म्हणे, "औषध लागू पडतंय ना भाऊ, मग काळजी कसली?" त्याची चूक कोठे होती हे कळले, की दम्याचा निम्मा इलाज कळला.

दम्यात छातीतल्या श्वासनलिकांना आतून सूज असते. सुजेने त्या चिडक्या होतात. धूळ, धूर, परागकण, सर्दी, थंड हवा असे निमित्त झाले की भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो, वाट अरुंद होते आणि आत गेलेली हवा बाहेर पडताना अडते. तीच ती घरघर. म्हणजे गोष्टी दोन : आवळणे आणि सूज. आवळणे येते आणि जाते. सूज मात्र रोगी हसतखेळत असतो त्या दिवसांतही बहुधा असतेच.

म्हणून औषधेही दोन जातींची आहेत. मोजून फवारा देणारा पंप १९५६ साली निघाला. १९६९ साली आलेले साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, पण सुजेला हात लावत नाही. सूज उतरवणारे स्टिरॉइड १९७२ पासून पंपातून मिळू लागले. त्याने त्या क्षणी काही वाटत नाही. गुण रोज घेतल्याने येतो. आमचा रंगारी पहिल्यावर विसंबला आणि दुसऱ्याला त्याने कधी शिवले नाही. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले, की मोठ्या माणसांनी व किशोरांनी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये. सूज उतरवणारे औषध त्यांच्या उपचारात असलेच पाहिजे. दोन्ही कामे करणारे एकत्र पंपही आता मिळतात.

येथे कोणी म्हणेल, "स्टिरॉइड? नको बाबा!" ही भीती हिशेबाने तपासावी. धाप बळावल्यावर द्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचा रोजचा डोस तीस-चाळीस मिलिग्रॅमचा असतो. पंपातील बुडेसोनाइडचा नेहमीचा हलका डोस दिवसाला दोनशे ते चारशे मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत. आणि तोही थेट फुप्फुसात. औषध ओढल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. पंपाला नळकांडे जोडले तर औषध घशात न बसता खाली उतरते. "पंपाची सवय लागते" हाही गैरसमज. चष्म्याची लागते तितकीच. कोजागिरीच्या खिरीतून औषध घेणाऱ्यांच्या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. पण वर्षातून एका रात्रीच्या औषधावर भरवसा ठेवून रोजचे औषध सोडणे जिवावर बेतू शकते.

नाक आणि छाती ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. सकाळी शिंकांवर शिंका, सदा चोंदलेले नाक, कपाळ जड, अशा माणसाने नाकाचा इलाज केला तर दमाही आटोक्यात राहण्यास मदत होते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टिरॉइडचा फवारा नियमाने घेणे, हा बहुतेकांचा मार्ग. दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घालू नयेत. त्यांनीच नाक पुन्हा चोंदते.

आता आमच्या प्रांतातली गोष्ट. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० सालच्या आपल्या ग्रंथात डॉक्टरांना सांगितले, की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. मोटारीच्या काही रंगांतील आयसोसायनेट, बेकरीतले पीठ, सुताराचा भुसा यांनी धडधाकट माणसालाही दमा जडतो. खूण सोपी आहे : सुटीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा सुरू. असा दमा लवकर ओळखून माणसाला त्या द्रव्यापासून दूर केले तर सुटकेची आशा मोठी. नुसता पंप ओढीत तेथेच राबत राहिला तर ती घटत जाते.

आमचा रंगारी एका रात्री दवाखान्यात पोचला तेव्हा त्याला एका दमात वाक्य पुरे करवत नव्हते. ओठ निळे पडणे, गुंगी येणे, पंपाचा उपयोग न होणे, यांपैकी काहीही दिसले तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. तो वाचला. पुढे दोन महिने भांडून आम्ही त्याला दुसऱ्या खात्यात बदलून घेतले. आज तो रोजचे औषध घेतो, आणि पंप खिशात उघडपणे ठेवतो.

केवळ संपाच्या दिवशी जागी होणारी संघटना टिकत नाही. तिचे खरे काम शांत दिवसांत चालते. दम्याचेही तसेच आहे. आपल्या घरात दमेकरी असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला दोनच प्रश्न विचारा : रोजचे औषध घेतोस का? आणि सुटीत बरे वाटते का?