भंगारातला अ‍ॅम्प्लिफायर: ताडकळससारख्या गावात जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा कसा बसतो

मागच्या व्हिडिओत आपण सिरीज बोर्ड बनवला. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "सर, भंगारातून जुना माल उचलायचा, दुरुस्त करायचा आणि विकायचा, यावर घर चालेल का?" दहा मिनिटांच्या व्हिडिओत याचं उत्तर बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून देतोय.

उदाहरणाला ताडकळस घेऊ. पूर्णा तालुक्यातलं हे गाव. बाजार समिती आहे, आसपासच्या खेड्यांतल्या माणसांचा राबता आहे. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार आहे, हैदराबादला जुम्मेरात बाजार आहे. आपल्याकडे यातलं काही नाही. आपल्याकडे आहे तो हातगाडीवाला आणि किलोच्या भावाने घेणारं भंगाराचं दुकान. यूट्यूबवर परदेशातले लोक सेकंडहँड दुकानात जाऊन फळीवरचा रेडिओ उचलतात, तसं इथे होत नाही. इथे वस्तू लोखंडाच्या ढिगात उलटी पडलेली असते आणि दोन दिवसांत तिच्यावर हातोडा पडणार असतो.

आधी भंगारवाल्याचा हिशोब समजून घ्या. तो अ‍ॅम्प्लिफायरकडे अ‍ॅम्प्लिफायर म्हणून बघतच नाही. त्याला दिसतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं. बाकी पत्रा आणि कचरा. त्यामुळे "खराब तर आहे, पन्नासला द्या" म्हणालात तर तो देणार नाही, कारण फोडून त्याला त्यापेक्षा जास्त मिळतात. पण "तुम्हाला फोडून जेवढे मिळतात त्यापेक्षा शंभर जास्त देतो, फक्त फोडायच्या आधी मला फोन करा" म्हणालात, तर तो तुमचा माणूस झाला. माझ्या मते या धंद्याचं खरं भांडवल हेच आहे. आसपासच्या तीन-चार भंगारवाल्यांकडे तुमचा नंबर असला पाहिजे, आणि फोन आला की त्याच दिवशी पोचायला पाहिजे. उद्या येतो म्हटलं की परवा नुसता पत्रा उरतो.

आता, उचलायचं काय?

इथे मी स्वतः पैसे घालवलेत. सुरुवातीला मला जुन्या रेडिओंचं वेड होतं. लाकडी कॅबिनेटचे व्हॉल्व्हचे सेट, मर्फी, बुश, फिलिप्स. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, म्हणजे माल आपल्याच राज्यातला. एका शहरातल्या जुन्या बाजारातून मी एका फेरीत अकरा सेट आणले. चार दुरुस्त झाले. गावात एकही विकला गेला नाही! बघायला सगळे आले, "आमच्या आजोबांकडे हाच होता, परभणी आकाशवाणी १३०५ वर लावायचे" असं सांगून चहा पिऊन गेले. त्यात चूक त्यांची नव्हती. आठवणीला पैसे देणारा माणूस पुण्या-मुंबईत बसतो, गावातला माणूस वापराला पैसे देतो. ही दोन गिऱ्हाइकं वेगळी आहेत, आणि मी एकाचा माल दुसऱ्याच्या दारात मांडला होता.

तर ताडकळसमध्ये वापर कशाचा आहे? आवाजाचा. हरिनाम सप्ताह, भजनी मंडळ, गणपती, शिवजयंती, भीमजयंती, लग्नाची वरात, भाजीवाल्याच्या गाडीवरचा भोंगा. यातल्या प्रत्येकाला साधा, दणकट, माईक लावता येईल असा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. नवा घ्यायचा तर मंडळाला वर्गणी काढावी लागते. अहुजासारख्या कंपन्यांचे जुने सेट भंगारात येतात ते बहुतेक वेळा मेलेले नसतात, कुणाला दुरुस्त करता आलेले नसतात.

या सेटचे आजार ठरावीक आहेत, म्हणून नव्या माणसाला शिकायला हा माल सगळ्यात बरा. त्यातले बरेच सेट घरच्या विजेवर चालतात तसे १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. गडबडीत कुणीतरी बॅटरी उलटी जोडतो. फ्यूज उडतो, आतला संरक्षणाचा डायोड शॉर्ट होतो, कधी बोर्डावरची तांब्याची पट्टी जळते. मग "सेट जळाला" म्हणून तो कोपऱ्यात जातो आणि दोन वर्षांनी भंगारात. दुरुस्ती काही रुपयांच्या डायोडची असते.

दुसरा आजार घूं आवाजाचा. माईक न लावताही घूं येत असेल तर वीज गाळणारे मोठे कपॅसिटर सुकलेत किंवा फुगलेत असं समजा. बदलताना व्होल्टेज मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका, आणि ८५ डिग्रीऐवजी १०५ डिग्रीचे घ्या, आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. तिसरा, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडेतिकडे फिरवलं की बहुतेकदा काम होतं. चौथा आजार खर्चाचा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेले. बऱ्याच जुन्या सेटमध्ये २एन३०५५ असतो. बाजारात त्याच्या नावाचा नकली माल भरपूर आहे. तो घरी टेबलावर चालतो आणि मंडपात दहा मिनिटांत जातो, तोही नेमका काल्याच्या कीर्तनात. म्हणून दोन पैसे जास्त द्या पण ओळखीच्या दुकानातून घ्या. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठ, हैदराबादला कोठीची गुजराती गल्ली. पूर्णा जंक्शन जवळ असल्यामुळे आपल्याला हैदराबाद सोपं पडतं. महिन्याची यादी करून एकदाच जा.

आवाजानंतर नंबर लागतो एलईडी टीव्हीचा. यात एक नियम डोळे झाकून पाळा: काच तडकली असेल तर फुकटातही घेऊ नका. पॅनेल बदलायचं म्हटलं की जवळजवळ टीव्हीएवढा खर्च येतो. पण आवाज येतो आणि पडदा काळा, असा सेट दिसला तर अंधारात पडद्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागच्या दिव्यांची पट्टी गेली आहे. ती पट्टी स्वस्तात मिळते. पॅनेल उचलताना मात्र चार हात लागतात. एकट्याने उचललं की कोपरा तडकतो, मग पट्टी स्वस्त मिळून काय उपयोग?

कॉम्प्युटरचंही थोडक्यात सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे चालू मशिनी बाहेर निघतायत. एसएसडी टाकून लिनक्स बसवलं की शाळेच्या पोरांसाठी त्या पुरतात. हार्डडिस्कवर आधीच्या मालकाचं काही असेल तर न बघता पूर्ण पुसा.

ढिगात उभं राहून तपासायचं कसं? तिथे वीज मिळत नाही, मिळाली तरी लावू नका. आधी स्क्रू बघा. स्क्रूची डोकी शाबूत असतील तर आत कुणाचा हात गेलेला नाही, हा चांगला माल. डोकी कुरतडलेली, दोन स्क्रू गायब, म्हणजे आधी कुणीतरी प्रयत्न करून हरलंय, भाव निम्मा करा. मग वास घ्या. जळका वास ट्रान्सफॉर्मरपाशी येत असेल तर ठेवून द्या. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांवर लावा, सेटचं बटण चालू करून. काहीतरी ओहम दाखवले तर ट्रान्सफॉर्मरची पहिली गुंडाळी शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर आधी फ्यूज काढून बघा, कित्येकदा तेवढंच असतं.

घरी आणल्यावर पहिली वीज सिरीज बोर्डातूनच. परत सांगतो, कारण विसरता: १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी नाही. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही.

आता जिवाचं बोलू. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. टीव्हीच्या किंवा एसएमपीएसच्या बोर्डावर मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहते. तो बल्बने किंवा रेझिस्टन्सने रिकामा करा, मीटरने बघा, मग हात लावा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वीस हजार व्होल्टच्या वर खेळ असतो, आणि तो टीव्ही आता कुणी घेतही नाही, तेव्हा उघडूच नका. मायक्रोवेव्ह भंगारात दिसला तर पुढे चला. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि तो दुसरी संधी देत नाही. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंमध्ये काहींची पूर्ण चासीच विजेला जोडलेली असते, प्लग उलटा बसला की पत्र्यात करंट. शिकायचं असेल तर कुणा जुन्या मेकॅनिकजवळ सहा महिने बसा, किंवा जिल्ह्याच्या आरसेटीत चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण फुकट असतं, राहण्या-जेवणासकट.

बरं, हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या भागातले तुम्ही घाला. समजा चार अ‍ॅम्प्लिफायर ३५० प्रमाणे आणले, १,४०० झाले. दोन चालू झाले, सामान लागलं प्रत्येकी ४०० चं, म्हणजे ८००. एक फक्त सुट्या भागांसाठी ठेवला, एक मेला. जाण्यायेण्याचे २००. एकूण २,४००. दोन सेट २,२०० प्रमाणे विकले तर ४,४०० आले. हातात उरले २,०००. कामाचे दिवस धरा तीन. म्हणजे दिवसाला साडेसहाशेच्या आसपास, तेही दोन्ही सेट विकले गेले तर. विकायला दोन महिने लागले तर? म्हणून मी सांगतो, पहिल्या वर्षी हा धंदा एकटा घर चालवणार नाही. गावातल्या लोकांच्या वस्तू दुरुस्त करून रोजचा चहा-भाजीचा खर्च काढायचा, आणि भंगारातल्या मालावर सीझनला कमवायचं. गणपतीच्या आधी दोन महिने माल तयार पाहिजे. गणपती बसल्यावर अ‍ॅम्प्लिफायर कोण घेणार? कर्ज तर आत्ता अजिबात काढू नका. मुद्रामध्ये शिशू गटात ५०,००० पर्यंत मिळतं हे खरं, पण मल्टिमीटर, सोल्डरिंग, बोर्ड आणि पहिला लॉट पंधरा हजारांत बसतो.

विकताना महिनाभराची गॅरंटी लिहून द्या. मंडळाचे लोक चुलत्या-मामांच्या नात्यातलेच निघतात. सेट बंद पडला तर ते भांडणार नाहीत, फक्त पुढच्या वेळी येणार नाहीत.

जुन्या रेडिओंचा नाद असेल तर तोही ठेवा, पण माल बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी धरून. त्याला सेट मूळ रूपात हवा असतो. कॅबिनेट कापून ब्लूटूथचा बोर्ड बसवला की किंमत गेली. १९६० च्या दशकातल्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये एएफ ११४ ते एएफ ११७ या नंबरचे ट्रान्झिस्टर दिसले तर एक गंमत लक्षात ठेवा: त्यांच्या डबीच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतली तार डबीला शॉर्ट होते. चार पायांपैकी डबीला जोडलेला पाय कापला की कित्येकदा सेट बोलायला लागतो. कॅसेट प्लेअरमध्ये बहुतेक रबरी पट्टा डांबरासारखा वितळलेला असतो, तो स्पिरिटने पुसून नवा टाका.

कागदपत्रांचं. प्रत्येक वस्तू कुणाकडून, कधी, कितीला घेतली हे वहीत लिहा आणि भंगारवाल्याची सही घ्या. चोरीचा माल माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, आणि "मला माहीत नव्हतं" हे दाखवायला ती वहीच कामाला येते. मोबाईल घेणार असाल तर केवायएम, मोकळी जागा आणि आयएमईआय नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवून आधी तपासा. उद्यम नोंदणी करून घ्या, तिला फी नाही, एजंटला पैसे देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यातून सूक्ष्म उद्योगांना वगळलेलं आहे, तेव्हा तुमच्यासारख्याला त्या नियमांखाली नोंदणीची गरज पडत नाही. पण याचा अर्थ दुकानामागे वायरी जाळून तांबं काढा असा नाही. त्या धुरात पहिलं तुमचंच पोर श्वास घेतं. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती फोडून उकिरड्यावर टाकू नका. मेलेले बोर्ड एका गोणीत साठवा, गोणी भरली की परवाना असलेल्या रिसायकलरला विकत घेणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे द्या. तिचेही थोडे पैसे येतात, वहीत त्याचा वेगळा रकाना करा.