बैलाचे साल, कुत्र्याचे साल

चिनी लोकांच्या बारा प्राण्यांवर बोलायला चऱ्होलीत एक कामगार कार्यकर्ता उभा राहतो, याचे आपणांस नवल वाटेल. या विषयाकडे मी पुस्तकांतून आलो नाही. एका सेवानिवृत्तीच्या भांडणातून आलो.

आपल्या पट्ट्यातील एका कारखान्यात एक गडी होता. त्याची आई सांगे, पानशेत फुटले तेव्हा हा पोटात होता. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे जन्म त्यानंतरचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने १ जून १९५८ लिहिले. (१ जून हा तर महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांचा सामुदायिक वाढदिवसच!) कारखान्याने दाखला प्रमाण मानला आणि ३१ मे २०१६ रोजी अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून त्यास घरी पाठविले. तीन वर्षांहून अधिक मजुरी बुडाली. मी पुष्कळ भांडलो. पण आईच्या शब्दाला कागद नव्हता. हरलो.

पुढे चाकणला चीनहून यंत्रे बसविण्यास आलेल्या एका वयस्क तंत्रज्ञाशी दुभाष्यामार्फत बोलणे निघाले. त्याची आई निरक्षर होती. पण मुलगा कोणत्या सालचा असे विचारले, की ती चटकन 'बैलाचा' म्हणे. तोही १९६१ चाच! घरी येऊन मी हिशेब मांडला, तर १९५८ हे कुत्र्याचे साल निघाले. आता बैल आणि कुत्रा यांची गफलत कोणती आई करील? बारा वर्षांची चूक या रीतीत होऊ शकेल; तीन वर्षांची होणार नाही. आणि बारा वर्षांची चूक तर माणसाच्या तोंडाकडे पाहूनच कळते.

तेव्हापासून मी या प्राण्यांच्या मागे लागलो. त्यांचा क्रम असा: उंदीर, बैल, वाघ, ससा, नागासारखा उडणारा काल्पनिक ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर. एकेका प्राण्याकडे एकेक वर्ष. आपली मेष-वृषभादी रास महिन्यामहिन्याने पालटते, यांची वर्षाने. व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे आणि बैलाच्या जागी रेडा. जो प्राणी ज्याच्या दारात, तो त्याच्या पंचांगात.

मात्र मुळात हे प्राणी नव्हतेच. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजांच्या काळातील हाडांवर प्रश्न कोरलेले सापडतात, त्यांवर दिवस मोजण्यासाठी दहा खुणांची एक माळ आणि बारा खुणांची दुसरी माळ वापरलेली आहे. दोन्ही माळा बरोबरीने पुढे सरकवीत गेले, की पहिली जोडी पुन्हा साठाव्या दिवसानंतरच येते. कारखान्यात दहा दात्यांचे चाक बारा दात्यांच्या चाकात फिरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. हीच साठाची मोजणी पुढे वर्षांना लागू झाली. आकाशाची प्रदक्षिणा करायला सुमारे बारा वर्षे घेणाऱ्या गुरूचाही त्यात संबंध आहे.

प्राणी मागाहून आले. १९७५ साली हूपै प्रांतात इसवी सनापूर्वी २१७ च्या सुमाराच्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरील लिखाण सापडले. बारा खुणांशी प्राण्यांची जोडी त्यात आहे. पण घोड्याच्या जागी तेथे हरीण आहे. म्हणजे जागा अजून पक्क्या झालेल्या नव्हत्या. देवाधिदेवाने प्राण्यांची शर्यत लावली, उंदीर बैलाच्या पाठीवर बसून गेला आणि शेवटी उडी मारून पहिला आला, ही गोष्ट मुलांना आवडते; मला तीत बैलावर झालेला अन्यायच अधिक दिसतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा लेखक झाला. घरची गरिबी, पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून राजधानीतल्या बाजारात दुकानापुढे उभे राहून वाचायचा. स्वतः शिकलेल्या माणसाला तो जवळचा वाटावा यात नवल नाही. त्याच्या ग्रंथात हे प्राणी आले आहेत, ते खंडन करताना. उंदराचे तत्त्व पाणी, घोड्याचे अग्नी. पाणी जर अग्नीला जिंकते, तर उंदीर घोड्याच्या मागे का धावत नाही? असा त्याचा साधा सवाल होता.

आपल्याकडेही साठ संवत्सरे आहेत, प्रभवापासून क्षयापर्यंत. गुढीपाडव्याला गुरुजी नाव वाचतात आणि आपण ते संध्याकाळपर्यंत विसरतो. कारण त्या नावाला ना शिंग ना शेपूट. याउलट पावसाच्या नक्षत्राचे वाहन मात्र प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे: एक उरला तर घोडा, मग कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि शून्याला हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा आले की कपाळाला हात. भागाकार अगदी बिनचूक. पण तोच बेडूक कोकणालाही आणि तोच सोलापूरलाही! वांग छुंग असता तर त्याने विचारले असते.

लक्षात ठेवण्याची खूण जेव्हा माणसाचे भाकीत होऊन बसते, तेव्हा काय घडते ते जपानात पाहावे. साठ वर्षांनी एकदा अग्नी आणि घोडा एकत्र येतात. त्या साली जन्मलेली मुलगी नवऱ्याचा घात करते, अशी तेथे समजूत. १९६५ साली जपानात सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६६ या अग्निअश्वाच्या साली सुमारे १३ लाख ६१ हजार. यंत्रे, आगगाड्या, शाळा असलेल्या देशातली ही गोष्ट. आपण हसू नये. मंगळाची म्हणून, मूळ नक्षत्राची म्हणून परत पाठविलेल्या मुली आपल्याही आळीत आहेत. त्यांच्या बापांबरोबर मी चहा घेतला आहे. २०२६ हे पुन्हा त्याच अग्निअश्वाचे साल.

त्या गड्याच्या प्रकरणानंतर आमच्या सभासद-अर्जात जन्मतारखेखाली मी एक ओळ वाढविली: 'आईने सांगितलेली खूण'. तेथे कोणी कोयनेचा भूकंप लिहितो, कोणी बहात्तरचा दुष्काळ. एकाने 'आमची कपिला व्याली त्या साली' असे लिहिले होते. त्याच्या आईला भेटायला मी गेलो. तिने गाईची पुढची सगळी वेते मोजून दाखविली, आणि साल बरोबर निघाले.