नक्षी कोणाची आणि नांव कोणाचें?

सोलापुरी चादर ज्यानें कधीं अंगावर घेतली नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत विरळाच. चादर घेणाऱ्यास तिचें सूत दिसतें, रंग दिसतो, वीण दिसते. परंतु ज्यांना वजन नाहीं अशा आणखीहि कांहीं वस्तु तींत विणलेल्या असतात आणि बाजारांत त्यांचीहि किंमत होते. तिची नक्षी ही एक मालमत्ता, ती मागावर उतरविणारी यांत्रिक योजना ही दुसरी, आणि 'सोलापुरी' हें नांव ही तिसरी. या मालमत्तेस भिंत नसते, कुंपण नसतें; तिची चोरी झाली तरी मूळ जागीं कांहींच कमी झालेलें दिसत नाहीं. म्हणून तिचें रक्षण कुलुपापेक्षां कागदावरच अधिक अवलंबून असतें, आणि असे कागद लिहिणाऱ्या वकिलांचा एक स्वतंत्र वर्ग आज उदयास आला आहे.

वकील म्हटला कीं काळा डगला आणि न्यायालयांतील उलटतपासणी हेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. या वकिलाचें काम मात्र भांडण लागण्यापूर्वींचें असतें. जमीन घेतांना जाणता मनुष्य जसा प्रथम सातबारा पाहतो, तसा हा वकील प्रथम मालकी तपासतो. पेटंट, व्यापारचिन्ह आणि नक्षी यांच्या सरकारी नोंदवह्या असतात, त्या तो पाहतो. कॉपीराइटला नोंदणीची सक्ति नसल्यामुळें तेथें जुने करारनामे आणि नेमणुकीचीं पत्रेंच वाचावीं लागतात. त्यानंतर व्यवहार खरेदीखताच्या जातीचा आहे कीं भाडेपट्ट्याच्या, हें ठरवावयाचें. मालकीच दिली तर तें हस्तांतर; मालकी आपल्याकडे ठेवून केवळ वापरण्याची मुभा दिली तर तो परवाना. परवाना किती वर्षांचा, कोणत्या प्रदेशापुरता, घेणाऱ्यास तो तिसऱ्यास देतां येईल कीं नाहीं, आणि मुदत सरल्यावर कोणी काय परत करावयाचें, हीं सर्व उत्तरें अगोदर लिहून ठेवणें यांतच त्याचें कौशल्य असतें.

प्रथम नक्षीची गोष्ट घेऊं. सोलापूरच्या विणकरांत तेलुगु बोलणाऱ्या पद्मशाली समाजाचा वांटा मोठा आहे, आणि त्यांच्या चादरीवरील वेलबुट्टी जकार्डावर उतरते. फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यानें १८०४ साली, भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या योगानें ताण्याचे हवे तेच धागे उचलण्याची ही युक्ति पूर्णत्वास नेली. पुढें चार्लस बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत अशाच पुठ्ठ्यांची योजना केली. आतां हें वर्तुळ पुरें झालें आहे : पुठ्ठ्यांवरून गणनयंत्र सुचलें, आणि आज संगणकावर काढलेली नक्षी थेट विजेच्या जकार्डास पुरवितां येते. सोय मोठी, पण ज्या नक्षीस काढावयास आठवडे लागले, तिची नक्कल एका क्षणांत होते.

येथें कायद्याची एक बारीक अट फार महत्त्वाची आहे. २००० सालच्या डिझाईन कायद्यान्वयें नव्या नक्षीस नोंदणीनंतर १० वर्षें, आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षें संरक्षण मिळतें. परंतु अर्ज माल बाजारांत येण्यापूर्वीं केला पाहिजे. नंतर ती नक्षी 'नवी' राहत नाहीं. नोंदणी केली नाहीं तर कॉपीराइट आहेच, असें कोणी म्हणेल. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें १५ वें कलम सांगतें कीं, नोंदणीस पात्र असूनहि न नोंदविलेली नक्षी यांत्रिक क्रियेनें ५० हून अधिक वेळां मालावर उतरली, कीं तिचा कॉपीराइट संपला. यंत्रमागाच्या गांवीं ५० चादरी म्हणजे काय मोठीशी गोष्ट ! कारखानदार मागणी वाढली म्हणून आनंदांत असतो, आणि त्याच वेळीं त्याचा हक्क निसटून गेलेला असतो.

'पैसे मोजले, म्हणजे वस्तु आपली झाली' हा समजहि असाच फसवा आहे. मोबदला देऊन दुसऱ्याकडून नक्षी काढवून घेतली, तर डिझाईन कायदा ती काढवून घेणाऱ्यास मालक मानतो. परंतु कारखान्यासाठीं संगणकाचा कार्यक्रम बाहेरच्या माणसाकडून लिहवून घेतला, तर त्याचा कॉपीराइट, उलट करार नसल्यास, लिहिणाऱ्याकडेच राहतो. लिहिणारा पगारी नोकर असेल तरच तो मालकाचा होतो. हस्तांतर लेखी व सहीनिशीं असावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नाहीं तर कायदा ती ५ वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाहीं तर भारतापुरता. परदेशीं टॉवेल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास या दोन रिकाम्या जागा किती महाग पडतील, हें सांगावयास नको. कार्यक्रम केवळ परवान्यावर घेतला असेल, तर लिहिणारी कंपनी बुडाल्यास काम अडूं नये म्हणून त्याचा मूळ पाठ तिऱ्हाइताकडे ठेव म्हणून ठेवण्याचें कलमहि जाणता वकील घालतो.

राहतां राहिलें नांव. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला, आणि सोलापूरची चादर व सोलापूरचा टॉवेल या दोहोंची नोंद २००५-०६ या वर्षांत चेन्नईच्या नोंदणी कार्यालयांत झाली. हा हक्क मात्र इतरांहून वेगळा आहे. व्यापारचिन्ह विकतां येतें, परवान्यानें देतां येतें. मानांकनाचा हक्क २४ व्या कलमान्वयें विकतां येत नाहीं, परवान्यानें देतां येत नाहीं आणि गहाणहि टाकतां येत नाहीं. अधिकृत वापरकर्त्याच्या मृत्यूनंतर तो वारसाकडे जातो, एवढाच अपवाद. कारखाना घेणाऱ्यास इमारत मिळेल, माग मिळतील, मालकाची छाप मिळेल. 'सोलापुरी' या नांवासाठीं त्याला स्वतः उत्पादक म्हणून निराळी नोंदणी करावी लागेल. जें नांव पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनेक हातांनीं कमावलें तें एकानें विकूं नये, हा त्यांतील न्याय.

परंतु या न्यायास एक व्यावहारिक बाजूहि आहे. दुसऱ्या गांवचा माल 'सोलापुरी' म्हणून खपूं लागला, तर या कायद्यानें दाद मागण्याचा हक्क नोंदणी असलेल्या संस्थेस आणि अधिकृत वापरकर्त्यास आहे. ज्या विणकराचें नांव त्या वहींत नाहीं, त्याचे हात कितीहि कुशल असले तरी या कायद्याच्या आधारें दावा मांडण्यास तो पुढें होऊं शकत नाहीं. मोठ्या कारखानदारास सल्ला देणारे पुष्कळ असतात. चार मागांच्या धन्यास हा अर्ज कोणी भरून द्यावयाचा, हाच सोलापुरांत खरा प्रश्न आहे. त्या शहरांत अशा कामास वाहून घेणारे तरुण वकील जितके निघतील, तितकें तें नांव त्याच्या खऱ्या धन्यांच्या हातीं राहील.