बेनेलाँग : नाव तेच, सीमा बदलत्या

ऑस्ट्रेलियात २४ नोव्हेंबर २००७ रोजी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत केंद्रातील सत्ता बदललीच, शिवाय विद्यमान पंतप्रधान जॉन हॉवर्ड हे स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. पदावर असताना स्वतःची जागा गमावणारे ते त्या देशाचे दुसरेच पंतप्रधान होत. यापूर्वी १९२९ मध्ये स्टॅन्ली ब्रूस यांच्यावर ही वेळ आली होती. हॉवर्ड यांनी ३३ वर्षे ज्याचे प्रतिनिधित्व केले तो सिडनीच्या उपनगरांतील बेनेलाँग मतदारसंघ तेव्हा जगभर चर्चेत आला.

या मतदारसंघाची स्थापना १९४९ साली झाली. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संघीय प्रतिनिधिगृहाची सदस्यसंख्या ७५ वरून १२३ करण्यात आली आणि अनेक नवे मतदारसंघ अस्तित्वात आले. वुल्लारावारे बेनेलाँग या आदिवासी पुरुषाचे नाव याला देण्यात आले. गव्हर्नर आर्थर फिलिप यांच्या आदेशावरून १७८९ मध्ये त्यांना पकडण्यात आले होते. पुढे त्यांनी वसाहतवाले आणि स्थानिक आदिवासी यांच्यात दुव्याचे काम केले व १७९२ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. सिडनीचे ऑपेरा हाऊस ज्या भूशिरावर उभे आहे त्यालाही त्यांचेच नाव आहे. मात्र ते भूशिर या मतदारसंघात येत नाही. १८१३ मध्ये बेनेलाँग यांचे निधन झाले. पॅरामाटा नदीकाठी राइड परिसरात त्यांना जेथे पुरण्यात आले, ती भूमी मात्र मतदारसंघात आहे.

पश्चिमेकडे सरकलेली सीमा

आरंभी राइडबरोबरच लेन कोव्ह आणि हंटर्स हिल ही सधन उपनगरे या मतदारसंघात होती. त्यामुळे तो लिबरल पक्षाचा बालेकिल्ला मानला जाई. जॉन क्रेमर यांनी १९४९ ते १९७४ आणि त्यानंतर हॉवर्ड यांनी तो राखला. परंतु पुढील पुनर्रचनांमध्ये सीमा टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडे व वायव्येकडे सरकली. पूर्वेकडील लिबरल वस्त्या बाहेर गेल्या. ईस्टवुड, एपिंग, अर्मिंग्टन हे भाग आत आले. त्याच काळात चिनी व कोरियन वंशाच्या कुटुंबांची वस्ती वाढली. २००७ च्या देशव्यापी सत्ताविरोधी लाटेला या बदलांची जोड मिळाली. मजूर पक्षाच्या उमेदवार, माजी पत्रकार मॅक्सिन मॅक्यू यांना पसंतीक्रमाच्या मोजणीअंती ५१.४ टक्के मते मिळाली.

२०१० मध्ये माजी टेनिसपटू जॉन अलेक्झांडर यांनी ही जागा पुन्हा लिबरल पक्षाकडे आणली. दुहेरी नागरिकत्वाच्या वादामुळे त्यांनी २०१७ मध्ये राजीनामा दिला. परंतु पोटनिवडणुकीत ते पुन्हा विजयी झाले. २०२२ मध्ये राइडचे माजी महापौर जेरोम लक्साल यांनी मजूर पक्षाला निसटता विजय मिळवून दिला.

रेषा कोण आखतो?

सीमा ठरविण्याचे काम मंत्री किंवा खासदार करीत नाहीत. निवडणूक आयुक्त, आयोगाचा राज्यातील प्रमुख अधिकारी, राज्याचा महाभूमापक आणि महालेखापरीक्षक अशा चौघांची समिती प्रस्ताव तयार करते. त्यावर जाहीर हरकती मागविल्या जातात. विस्तारित आयोगाच्या अंतिम निर्णयास संसदेच्या संमतीची आवश्यकता नसते. मतदारसंघातील मतदारसंख्या सरासरीच्या १० टक्के कमी-अधिक असू शकते. मात्र साडेतीन वर्षांनंतरच्या अंदाजित संख्येतील फरक ३.५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

लोकसंख्येनुसार राज्यांच्या जागाही बदलतात. जुलै २०२३ मधील गणनेनुसार न्यू साउथ वेल्सच्या जागा ४७ वरून ४६ झाल्या. परिणामी १९०१ पासून चालत आलेला नॉर्थ सिडनी मतदारसंघ २०२४ मध्ये रद्द झाला. त्यातील लेन कोव्ह व हंटर्स हिल हे भाग बेनेलाँगमध्ये परत आले. जुनी मते नव्या सीमांनुसार मोजली असता ही जागा कागदोपत्री नाममात्र फरकाने लिबरल पक्षाकडे झुकली. प्रत्यक्षात मे २०२५ मध्ये लक्साल यांनीच ती आधीपेक्षा मोठ्या फरकाने राखली.

भारतीय वाचकांना यातील एक फरक विशेष जाणवेल. आपल्याकडे राज्यनिहाय लोकसभा जागांची वाटणी १९७६ मध्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठविण्यात आली आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. ऑस्ट्रेलियात हा हिशेब दर संसदेच्या कार्यकाळात होतो. त्यामुळे मतांचे मूल्य जवळपास समान राहते. परंतु मतदाराला घर न बदलताही मतदारसंघ बदलावा लागतो. हंटर्स हिलच्या रहिवाशांनी नेमके हेच अनुभवले आहे. रेषेने पक्षांची गणिते बदलतात, हे बेनेलाँगने दाखविले. आणि अंतिम निकाल मतदारच देतो, हेही.