सूनबाईंचा घसा आणि दुसरीचा वर्ग

गेल्या जूनमध्ये आमची सून एका प्राथमिक शाळेत लागली. दुसरीचा वर्ग, पटावर ४२ मुलं. पहिल्या आठवड्यातच तिचा आवाज बसला. हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरून झाली. घसा काही सुटेना. एक दिवस चपला काढता काढताच ती रडायला लागली. ‘‘आई, आज मी एका मुलाला पट्टीनं मारलं. पेन्सिल वाजवत होता, एवढंच. मला नाही जमायचं हे. सोडून देते नोकरी.’’

मी स्वतः तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. माझ्या टेबलावरही पट्टी असे आणि खोटं कशाला बोलू, ती नुसत्या रेघा मारायला नव्हती. त्या काळी आयाच येऊन सांगत, ‘‘बाई, दोन फटके द्या, पण याला वळण लावा.’’ पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारायलाही बंदी केली आणि मानसिक त्रास द्यायलाही. फार बरं झालं. पण पट्टी ठेवून द्यायची, तर तिच्या जागी हातात काय घ्यायचं, हे बाईंना कुणीतरी शिकवायला नको का?

मी सुनेला तेच विचारलं. दोन वर्षं डी.एल.एड. केलंस, पाठ टाचणं मोत्यासारख्या अक्षरात काढलीस, मग वर्ग कसा सांभाळायचा ते नाही शिकवलं? ती म्हणाली, ‘‘सराव पाठाला वर्ग शांतच असायचा हो, आई. मागच्या बाकावर वर्गाच्या बाई आणि आमच्या मॅडम बसलेल्या असायच्या ना!’’

मला हसूच आलं. माझ्या वेळीही हुबेहूब हेच! कोरड्या विहिरीत पोहायला शिकवायचं आणि मग एकदम नदीत ढकलून द्यायचं.

माझी एक जुनी मैत्रीण अध्यापक विद्यालयात शिकवायची. तिला फोन केला. तिनं जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांबद्दल सांगितलं. वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते रागावले, तर बाकीचेही सावरून बसले. त्यावरून त्यांना कुतूहल वाटलं आणि पुढं त्यांनी कितीतरी वर्गांचं चित्रण करून अभ्यास केला. १९७० साली त्यावर पुस्तक लिहिलं. गंमत अशी, की ज्यांचा वर्ग शांत आणि ज्यांचा गोंधळाचा, अशा दोन्ही शिक्षकांच्या रागावण्यात फारसा फरक निघाला नाही. फरक होता तो गडबड सुरू होण्याआधीच्या वागण्यात. सगळ्या वर्गावर नजर, एकाला समजावताना दुसऱ्याकडंही लक्ष, आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडं जाताना मधे रिकामा वेळ नाही. पोळी तव्यावर, दूध गॅसवर आणि कान दारावर, असं आपण रोज करतोच की!

मैत्रिणीनं सुनेला आणखी एक सांगितलं. भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधले मास्तर पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातात आणि पोरं नुसता हैदोस घालतात. शेवटी मुलांना घरी सोडून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगायला बसतात, तेव्हा कुठं वर्ग गप्प होतो. हे ऐकून सुनेला जरा धीर आला.

खरा उपयोग झाला तो शेजारच्या पहिलीच्या बाईंचा. त्यांनी तिला ऑफ तासाला आपल्या वर्गात बसू दिलं. काय पाहिलं, ते ती वहीत लिहून आणायची. बाई ओरडत नाहीत, उलट आवाज खाली आणतात. वह्या स्वतः वाटत नाहीत, प्रत्येक रांगेतलं एक मूल वाटतं. कुणी चुळबुळ करायला लागलं, की शिकवणं न थांबवता त्याच्या बाकाशी जाऊन उभ्या राहतात. ‘शाब्बास’ एवढ्यावर भागवत नाहीत, ‘तू दप्तर न सांगता नीट ठेवलंस’ असं नेमकं बोलतात. टाळीचा एक ठेका ठरलेला आहे. बाईंनी वाजवला, की मुलांनी तसाच वाजवायचा आणि हात खाली.

रात्री जेवणं आटोपली, की आमच्या घरी तालीम. मी आणि माझा मुलगा विद्यार्थी. तो इतका द्वाड विद्यार्थी झाला, की मला त्याच्या लहानपणीची आठवण आली!

पेन्सिल वाजवणाऱ्या मुलाचं कोडंही हळूहळू सुटलं. सून पाठमोरी होऊन फळा भरत असायची, तेवढ्यात त्याचा ठेका सुरू व्हायचा. आता ती मधल्या सुट्टीतच फळा लिहून ठेवते. त्याच्या आईला बोलावून तिनं मारल्याचं कबूल केलं, चुकलं म्हणाली. तर ती माउली म्हणते कशी, ‘‘बरं केलंत बाई, आणखी दोन द्यायच्या होत्या.’’ मुलगा तिथंच उभा होता, आईच्या पदराशी चाळा करत. सून म्हणाली, ‘‘आई, मला त्याच्याकडं बघवेना.’’

नोकरी सोडायचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. ज्येष्ठमधाची कांडी मात्र अजून पर्समध्ये असते. शनिवारच्या शेवटच्या तासाला लागते म्हणे.