आय-ट्वेंटीवरचा नंबर

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या फायलीत आय-ट्वेंटी नावाचा कागद असतो. त्यावर ‘एन’ अक्षर आणि पुढे दहा आकडे. पुण्या-मुंबईतले आईवडील त्याच्या झेरॉक्स जपून ठेवतात; पण हा नंबर आला कुठून, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर पहिला हल्ला १९९३ मध्ये झाला. स्फोटकांची व्हॅन चालवणारा तरुण विद्यार्थी व्हिसावर आलेला होता आणि शिक्षण सोडूनही तिथेच राहिला होता. म्हणून १९९६ च्या कायद्यात परदेशी विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद ठेवायचं ठरलं. विद्यापीठांच्या विरोधामुळे ते काम रेंगाळलं. मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. १९ हल्लेखोरांपैकी विद्यार्थी व्हिसावर आलेला एकच, हानी हंजूर. ज्या इंग्रजीच्या वर्गासाठी व्हिसा घेतला, तिकडे तो फिरकलाही नाही. हल्ल्याला सहा महिने झाले आणि फ्लोरिडातल्या विमान प्रशिक्षण संस्थेत सरकारी कागद येऊन पडले: मोहम्मद अत्ता आणि मरवान अल-शेही यांना विद्यार्थी म्हणून मंजुरी! दोघेही त्या १९ जणांतले, हल्ल्यातच मेले होते. देशभर संताप उसळला.

२००३ मध्ये ‘सेव्हिस’ ही नोंदप्रणाली सक्तीची झाली; आय-ट्वेंटीवरचा नंबर याच नोंदीचा. त्याच वर्षी व्हिसासाठी मुलाखत जवळजवळ सगळ्यांनाच बंधनकारक झाली. सेव्हिस नोंदीची फी विद्यार्थ्यानेच भरायची. २००४ मध्ये ती १०० डॉलर होती, आज ३५० आहे. पाळत ज्याच्यावर, खर्चही त्याच्याच माथी, हे मला अन्यायाचं वाटतं.

अशा हल्ल्यांनंतर परदेशी शिकायला जाणाऱ्याच्या घरी काळजी असते ती पुढच्या स्फोटाची. प्रत्यक्षात त्याचं वर्ष बुडू शकतं ते साध्या चुकीने. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. विद्यापीठातल्या अधिकाऱ्याला न विचारता विषय सोडला आणि क्रेडिट कमी पडले, तर व्हिसाचा दर्जा जातो. डिसेंबरात बहिणीच्या लग्नाला यायचं असेल, तर आय-ट्वेंटीच्या दुसऱ्या पानावर त्या अधिकाऱ्याची सही हवी आणि ती वर्षभराच्या आतली हवी. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे पान उघडून बघावं.

एवढं सांभाळूनही भरवसा नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या. त्यांतल्या काहींचा पोलिसांशी आलेला संबंध वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणापुरता होता. मुलं कोर्टात गेली, ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी सरकारला रोखलं आणि महिनाअखेरीस नोंदी पुन्हा सुरू होऊ लागल्या.